एआर-९ चा खर्ज

जुन्या एआर-९ स्पीकरच्या बाजूचे कापडी आवरण काढून वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या भोंग्याच्या, कडेवर बोट टेकवले, तर बोट सरळ आत गेले आणि बाहेर आले ते काळ्या, चिकट भुकटीने माखून. पेटीच्या कडेखाली त्याच भुकटीचा पातळ थर साचला होता. चार वूफरांपैकी तिघांची फोमची कड पूर्ण गळून पडली होती आणि चौथ्याची केवळ कुणी हात लावला नव्हता म्हणून जागेवर टिकून होती. ज्या निवृत्त अभियंत्यांकडून मी ही जोडी घेत होतो, त्यांनी फोनवरच सांगून ठेवले होते की स्पीकर वाजतात, पण खालचे सूर गेलेले आहेत. किंमतही त्यांनी त्याच हिशेबाने लावली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये आम्ही राहतो तिथून नॉरवुड फार लांब नाही. अकूस्टिक रिसर्च, म्हणजे एआर, या कंपनीचा कारखाना एकेकाळी तिथे होता, त्यामुळे या भागात जुनी घरे रिकामी होऊ लागली की एखाद्या तळघरातून या कंपनीचे स्पीकर अजूनही बाहेर पडतात.

एक-एक नग ५९ किलोचा असल्यामुळे शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन मी ती जोडी घरी आणली आणि आमच्याही तळघरातच उभी केली. एआर-९ हे मॉडेल १९७८ साली बाजारात आले. उंची साधारण १३४ सेंटिमीटर, म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाएवढी. पुढून पाहिले तर मधल्या सुरांसाठी आठ इंची खालचा मिडरेंज आणि दीड इंची घुमटाचा वरचा मिडरेंज, आणि उंच सुरांसाठी पाऊण इंची घुमटाचा ट्वीटर एवढेच उभ्या ओळीत दिसतात. खर्जाचे बारा इंची दोन वूफर मात्र पेटीच्या तळाजवळ, एक डाव्या आणि एक उजव्या अंगाला, पाहुण्याला दिसणार नाहीत असे बसवलेले आहेत. ही जागा शोभेसाठी निवडलेली नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. ते पुढे येईलच.

माझा मूळ विचार दुरुस्तीचा नव्हता, सुधारणेचा होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची पेटी, त्यात आजच्या काळातले ताकदवान वूफर, म्हणजे जुन्या लाकडात नवा जीव, असे चित्र मी मनात रंगवले होते. त्यासाठी कंपनीचे जुने माहितीपत्रक मिळवले आणि त्यातले आकडे वहीत उतरवून घेतले. खर्जाकडचा उणे ३ डेसिबलचा बिंदू २८ हर्ट्झ, संवेदनक्षमता १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल, नाममात्र प्रतिरोध ४ ओहम, क्रॉसओव्हरचे, म्हणजे सूर वेगवेगळ्या भोंग्यांत वाटून देणाऱ्या मंडलाचे, बिंदू २००, १२०० आणि ७००० हर्ट्झ, आणि वूफरच्या बंद पेटीचे घनफळ सुमारे १२० लिटर.

यातला पहिला आकडा नीट वाचायला हवा. त्या काळातली आणि आजचीही कित्येक माहितीपत्रके ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे ठोकून देतात, आणि त्या टोकांना आवाज किती डेसिबलने पडलेला असतो याचा उल्लेखच करत नाहीत. असा आकडा वाचून काहीही कळत नाही. हातातल्या फोनचा स्पीकरसुद्धा ५० हर्ट्झला काहीतरी हालचाल करतोच, फक्त ती ऐकू येत नाही. एआरने मात्र २८ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असेल असे मर्यादेसकट लिहिले होते. शिवाय पेटी सर्व बाजूंनी बंद असल्यामुळे त्याच्याही खाली उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचाच राहतो. नळी किंवा भोक असलेल्या पेटीत तोच उतार २४ डेसिबलचा होतो आणि ठरावीक सुराखाली आवाज एकदम दरीत कोसळतो.

२८ हर्ट्झ म्हणजे किती खाली? पियानोची सर्वांत डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झची असते आणि चार तारांच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. आपल्याकडे काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे माझ्या संग्रहातल्या निम्म्याहून अधिक संगीताला २८ हर्ट्झची गरजच पडत नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. पण जो स्पीकर २८ पर्यंत सरळ उतरतो तो ७० वर धापा टाकत नाही, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात मनगटाच्या दाबाने सूर वर सरकतो तेव्हा त्याचा एकही टप्पा मधेच गायब होत नाही. मला हवे होते ते हे.

अकूस्टिक रिसर्चची सुरुवात १९५४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्याच केंब्रिज या गावी एडगर विल्चर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी केली. विल्चर यांची कल्पना सांगायला सोपी आहे. वूफरचा कोन, म्हणजे हलणारा शंकू, मूळ जागी परत खेचून आणण्याचे काम तोवर त्याच्या कडेची आणि त्याला मागून धरणाऱ्या आतल्या कापडी स्पायडरची ताठर लवचीकता करत असे, आणि ती लवचीकता मोठ्या हालचालीत बिघडते. विल्चर यांनी कड आणि स्पायडर मुद्दाम ढिले केले आणि हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, कारण हवेची स्प्रिंग कुठल्याही कापडापेक्षा एकसारखी वागते. एवढ्याने कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीत आला.

पण फुकट काहीच मिळत नाही. क्लॉस पुढे केएलएच या कंपनीत गेले, तिथले त्यांचे भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने स्पीकरच्या जगात एक नियम ओळखला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज या तीनपैकी दोनच एका वेळी मिळतात. हा नियम मला पखवाजावरून चटकन पटला. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, तिच्या वजनाने पुडीचा सूर खाली उतरतो, आणि कणीक जितकी जास्त तितका हात जोरात मारावा लागतो. एआरच्या बारा इंची वूफरचा कोन असाच जड आहे. त्याचा स्वतःचा सूर त्यामुळे वीस हर्ट्झच्याही खाली जातो, आणि ८७ डेसिबल हा सामान्य वाटणारा आकडा ही त्याची किंमत आहे.

हे सगळे मी आज क्रमाने लिहितो आहे, पण तेव्हा मी तो ८७ चा आकडा दोष समजलो होतो. एका विक्रेत्याकडे ‘एआरच्या बारा इंची जागी थेट बसणारे’ असे वर्णन असलेले चार वूफर होते. त्यांची संवेदनक्षमता ९१ डेसिबल, चुंबक मूळच्या दुप्पट वजनाचा आणि कड रबराची, म्हणजे पुन्हा गळण्याची भीतीच नाही. भोके जुळली, स्क्रू जुळले, आणि एका रविवारी दुपारी चारही वूफर बसवून मी पहिली तबकडी लावली.

आवाज मोठा होता आणि खर्ज नव्हता. गायकाचा आवाज छातीतून यावा त्याऐवजी रांजणातून आल्यासारखा वाटत होता आणि डग्ग्याचा ठोका ऐकू येत होता, पण त्यामागचा घुमारा नव्हता. आमच्या मंडळात तबला वाजवणारा एक मित्र त्या दिवशी जेवायला आला होता. दोन मिनिटे ऐकून तो म्हणाला, “अरे, हा डग्गा उशीवर ठेवून वाजवलाय का?” मी अ‍ॅम्प्लिफायरवरचे खर्जाचे बटण फिरवले, तर रांजण आणखी मोठा झाला आणि उशी तशीच राहिली.

तेव्हा मात्र वहीत गणित मांडले. बंद पेटीतल्या वूफरचे वागणे दोन आकड्यांनी ठरते. पेटीत बसवल्यावर त्याचा अनुनाद, म्हणजे तो आपसूक थरथरतो ती जागा, कोणत्या सुरावर येतो हा एक, आणि त्या अनुनादाला लगाम किती घट्ट आहे हा दुसरा. दुसऱ्याला क्यू म्हणतात. क्यू ०.७ च्या आसपास असेल तर खर्ज सपाट राहून शेवटी सौम्यपणे उतरतो, १ च्या वर गेला तर घुमतो, आणि ०.५ च्या खाली गेला तर अनुनादाच्या बऱ्याच वरूनच आवाज ओसरू लागतो. मोठा चुंबक म्हणजे घट्ट लगाम, म्हणजे लहान क्यू. नव्या वूफरांचा स्वतःचा सूर २८ हर्ट्झ, क्यू ०.३३ आणि लवचीकता प्रत्येकी ६० लिटर हवेच्या स्प्रिंगएवढी होती, असे त्यांच्याच तक्त्यात छापले होते. माझ्या पेटीत प्रत्येक वूफरच्या वाट्याला सुमारे ६० लिटर हवा येते. हवेची आणि वूफरची स्प्रिंग सारख्याच ताकदीच्या झाल्यामुळे दोन्ही आकडे २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ पटीने वाढतात. अनुनाद ४० हर्ट्झ, क्यू ०.४७. या हिशेबाने ४० हर्ट्झला आवाज साडेसहा डेसिबलने पडतो आणि २८ हर्ट्झला तब्बल १० डेसिबलने. दुसरीकडे क्रॉसओव्हरजवळ, २०० हर्ट्झच्या खालोखाल, हेच वूफर शेजारच्या मिडरेंजपेक्षा चार डेसिबल मोठे बोलतात. रांजण आणि उशी दोन्हींचा खुलासा एका पानात झाला. ते वूफर वाईट नव्हते. नळीच्या पेटीसाठी ते उत्तम ठरले असते, पण मी त्यांना चुकीच्या घरात आणले होते. ‘थेट बसणारे’ या शब्दांचा अर्थ फक्त स्क्रूंपुरताच होता.

विक्रेत्याने वापरलेला माल परत घेण्यास नकार दिला. तो खर्च मी शिकवणीच्या फीमध्ये धरला आणि खोक्यात टाकलेले जुने वूफर पुन्हा बाहेर काढले.

कड बदलण्याच्या कामावर थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी सुधारणा इथेच झाली. त्या काळातला पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने आणि उजेडाने हळूहळू विघटित होतो, मग स्पीकर वाजवला असो वा नसो. वूफरचा बाकीचा भाग, म्हणजे कोन, स्पायडर आणि कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी म्हणजे व्हॉईस कॉइल, बहुधा ठणठणीत असतो. नव्या कडा विकत घेताना मोह होतो तो जाड, दणकट फोमचा, आणि तोच टाळायचा असतो. इथे कड स्प्रिंगचे काम करत नाही, तिने फक्त हवा अडवायची आणि कोन मध्यभागी ठेवायचा असतो, त्यामुळे ती जितकी मऊ तितकी मूळ आकड्यांच्या जवळ. मी दोन ठिकाणांहून नमुने मागवून बोटांत चुरगाळून पाहिले. एक रुमालासारखी दुमडली, दुसरी चपलेच्या पट्ट्यासारखी ताठ राहिली. पहिली घेतली.

जुना गोंद काढायला फोम बदलण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. लोखंडी चौकटीवरचा गोंद पटाशीने खरवडता येतो, पण कोनाच्या कडेवरचा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने भिजवत, बोटाने गोळे करत उचलावा लागतो. घाई केली तर कागदी कोनाचा पापुद्रा निघतो. पहिल्या वूफरवर माझा नखाएवढा पापुद्रा निघालाच, तो पातळ टिश्यू कागदाने चिकटवला. एका वूफरला साधारण दीड तास लागला. चारही वूफर आणि आठ इंची दोन मिडरेंज, ज्यांच्याही कडा गेल्या होत्या, एवढ्यात सलग तीन शनिवार संपले.

नवी कड आधी कोनाला चिकटवून एक रात्र सुकू दिली. चौकटीला चिकटवताना कोन अगदी मध्यभागी असणे आवश्यक असते, कारण व्हॉईस कॉइल चुंबकाच्या ज्या फटीत फिरते ती केसाच्या काही पट इतकीच रुंद असते. यासाठी मधली टोपी कापून आत कागदाच्या पट्ट्या खोचण्याची पद्धत आहे. मला टोपी कापायची नव्हती. मी दुसरी पद्धत वापरली. गोंद ओला असतानाच वूफरला ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू आवाजात दिला, कोन मिलिमीटरभर वर-खाली होऊ लागला, आणि कान जवळ नेऊन मी कडेवर बोटांनी दाब देत वर्तुळाकार फिरत राहिलो. कॉइल घासत असेल तर त्या सुरात वाळूवरून चप्पल ओढल्यासारखी खरखर मिसळते. एका बाजूला किंचित रेटले की खरखर वाढते, उलट बाजूला रेटले की थांबते. ज्या जागी ती पूर्ण थांबली तिथे गोंद धरेपर्यंत दहा मिनिटे तसाच हात ठेवून बसलो. तिसऱ्या वूफरपर्यंत हात असा बसला की खरखर ऐकू येण्याआधीच बोटांना जाणवू लागली.

वूफर पेटीत बसवताना फटी बुजवण्यासाठी मऊ, न सुकणारा लगदा लावला. बंद पेटीच्या पद्धतीत गळती म्हणजे स्प्रिंगला पडलेले भोक. ती तपासायला उपकरण लागत नाही. एआर-९ मध्ये दोन्ही वूफर एकाच बंदिस्त हवेवर बसलेले असल्यामुळे डाव्या अंगाचा कोन तळहाताने हळूच आत दाबला की उजव्या अंगाचा बाहेर येतो. तो दाबून धरल्यावर समोरचा किती वेळ बाहेर टिकतो यावरून पेटी किती घट्ट आहे ते समजते. उजव्या पेटीत तो दोन-तीन सेकंद टिकला. डाव्या पेटीत लगेच मागे आला. तारांच्या जोडणीच्या पट्टीमागचे पॅकिंग वाळून तडकले होते, ते बदलल्यावर डावीही टिकू लागली.

तरीही डाव्या पेटीला खर्ज नव्हता. मी पुन्हा गळती शोधली, क्रॉसओव्हर संशयाने न्याहाळला, आणि शेवटी दीड व्होल्टचा सेल तारांना टेकवला. एक वूफर बाहेर आला, दुसरा आत गेला. तारा जोडताना मीच एका वूफरच्या उलटसुलट लावल्या होत्या. दोघे एकाच हवेला एकमेकांकडे ढकलत होते आणि खोलीत काहीही पोहोचत नव्हते. बाकीच्या गणिताचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने तारांचे रंग पाहिले नाहीत, ही गोष्ट घरी बराच काळ सांगितली गेली.

त्यानंतर प्रतिरोधाचा आलेख काढला. संगणक, एक रोधक आणि मोफत मिळणारी मोजणी प्रणाली एवढ्यात हे काम होते. आलेखाचे शिखर जिथे येते तो पेटीतला अनुनाद. माझ्याकडे तो २९ हर्ट्झला आला आणि क्यू ०.६८. यावरून २८ हर्ट्झला घट साडेतीन डेसिबलच्या आसपास आणि ४० हर्ट्झला दीडच्याही आत निघते. माहितीपत्रकातला आकडा अर्ध्या-पाऊण डेसिबलच्या फरकाने पुन्हा उभा राहिला होता, तोही मूळ वूफरांवर, काही डॉलरांच्या फोममधून. आतली काचतंतूची भरणी मी बदलली नाही. दाट भरणीने पेटी हवेच्या दृष्टीने थोडी मोठी वागते हे खरे, पण त्या काळच्या अभियंत्यांनी ती तोलूनच भरली होती. शिवाय काचतंतूची खाज दोन दिवस अंगावरून जात नाही.

क्रॉसओव्हरच्या खर्जाच्या शाखेत २५०० आणि ४७० मायक्रोफॅरडचे दोन दांडगे नॉन-पोलर कपॅसिटर आहेत. स्पीकरमध्ये एवढी मूल्ये सहसा दिसत नाहीत आणि ते पाहून हात शिवशिवतात. मोजले तर दोन्ही छापील मूल्याच्या दहा टक्क्यांच्या आत होते आणि त्यांचा अंतर्गत रोधही नगण्य होता. म्हणून ते तसेच ठेवले. मिडरेंज आणि ट्वीटरच्या शाखांतले लहान कपॅसिटर मात्र छापील मूल्याच्या वर सरकले होते, त्यांच्या जागी फिल्मचे नवे घातले. पुढच्या अंगाला वरच्या तीन शाखांचा आवाज कमी करण्याचे तीन खटके आहेत. त्यांचे संपर्क काळवंडले होते आणि कधी मिडरेंज पूर्णच बंद पडे. ते साफ केल्यावर आवाज उघडला. खर्जाशी याचा थेट संबंध नाही, पण वरचे सूर दबलेले असले की खर्ज उगाच जास्त वाटतो, आणि माणूस चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत मात्र तडजोड चालली नाही. माझा जुना रिसीव्हर ८ ओहमला ८० वॉटचा होता. ४ ओहमच्या या जोडीवर जरा आवाज वाढवला की तो संरक्षणासाठी स्वतःच बंद पडे. ४ ओहम पेलणारा आणि ३०० वॉटच्या वर देणारा जुना पॉवर अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तेव्हा कुठे वूफरांवर कुणाचा तरी ताबा आहे असे वाटू लागले. इथे हॉफमन यांचा नियम पुन्हा समोर येतो. ९१ ऐवजी ८७ डेसिबल म्हणजे त्याच आवाजासाठी अडीच पट वॉट. १९५४ साली ते महाग होते. आज वॉट स्वस्त आहेत आणि घरातली जागा महाग आहे, म्हणून जड कोनाचा हा व्यवहार आता त्या काळापेक्षा फायद्याचा ठरतो.

एवढे सगळे झाल्यावर खुर्चीत बसलो, तर २८ हर्ट्झ कुठेच नव्हता. ७० ते १०० च्या मधल्या सुरांतही एक खड्डा होता. आजच्या रीतीप्रमाणे स्पीकर मागच्या भिंतीपासून मीटरभर पुढे ओढले होते. रॉय अ‍ॅलिसन हे एआरमधलेच अभियंते. त्यांनी १९७४ मध्ये खोलीच्या भिंतींचा स्पीकरच्या आवाजावर होणारा परिणाम शोधनिबंधात मांडला होता. वूफरपासून भिंतीचे अंतर ज्या सुराच्या लहरीच्या पाव लांबीएवढे असते, तो सूर भिंतीवरून उलटा होऊन परत येतो आणि मूळ सुराला खाऊन टाकतो. एक मीटरला हा सूर ८६ हर्ट्झ होतो, म्हणजे तानपुऱ्याच्या आणि डग्ग्याच्या अगदी वस्तीत. वूफर तळाशी आणि बाजूला का, याचे उत्तर मला इथे मिळाले. जमीन आणि मागची भिंत दोन्ही जवळ ठेवली, तर खड्डा २०० हर्ट्झच्या वर ढकलला जातो, आणि तिथपासून पुढचे काम वूफरचे नसतेच, वर बसलेल्या मिडरेंजचे असते. २०० हर्ट्झची पाव लहर ४३ सेंटिमीटरची. मी दोन्ही पेट्या मागे सरकवून वूफरचा मध्य भिंतीपासून तीस सेंटिमीटरवर आणला आणि मायक्रोफोनने पुन्हा मोजले. खड्डा भरला होता.

उरला २८. आमचे तळघर साडेपाच मीटर लांब आहे आणि एवढ्या लांबीत ३१ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये उभा राहतो. भिंतींजवळ तो सर्वांत मोठा आणि बरोबर मध्यावर शून्य. माझी खुर्ची बरोबर मध्यावर होती. ती सव्वा मीटर मागे नेली तर मोजणीत त्या भागात आठ डेसिबलचा फरक पडला. वूफर, फोम, कपॅसिटर या कशातूनही एवढा मोठा फरक पडला नव्हता, आणि याला खर्च शून्य आला. आधी खुर्ची हलवून पाहिली असती तर ते चार वूफर विकत घेतले असते का, हा प्रश्न मी स्वतःला अधूनमधून विचारतो.

त्याच्याही खाली जाण्यासाठी इक्वलायझरने २० ते ३० हर्ट्झ सहा डेसिबलने उचलून पाहिले. सहा डेसिबल म्हणजे चौपट वॉट. शिवाय आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे तर कोनाला चौपट हालचाल करावी लागते. ऑर्गनच्या एका लांब सुरावर वूफरने टपकन आवाज केला, कॉइल तळाला टेकली असावी, आणि मी ती सोय त्याच क्षणी बंद केली. नव्या मऊ कडा याचसाठी लावल्या नव्हत्या. वेगळा सबवूफर जोडण्याचा सल्लाही मिळाला. ज्यांच्या जुन्या उभ्या स्पीकरमध्ये आठ किंवा दहा इंची एकच वूफर आहे आणि ज्यांचा उणे ३ चा बिंदू ४५-५० हर्ट्झला आहे, त्यांनी पेटीत उलथापालथ करण्यापेक्षा तेच करावे असे माझे मत आहे. माझ्याकडे बारा इंची चार वूफर आधीच होते, म्हणून मी तो विचार सोडला.

तबलजी मित्र पुन्हा आला तो श्रावणात. भीमसेनजींचा एक अभंग लावला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर थाप पडली आणि घुमारा संपायच्या आत छतातून ‘झर्रर्र’ असा पत्र्याचा आवाज आला. गरम हवेची भट्टी आमच्या तळघरातच आहे आणि तिचा चौकोनी पत्र्याचा मार्ग डाव्या स्पीकरच्या बरोबर वरून जातो. इतकी वर्षे तो गप्प होता, कारण त्याला हलवणारे खोलीत काही नव्हते. मित्र मान वर करून म्हणाला, “आता उशी वर लाव.” पत्र्यावर नमद्याच्या पट्ट्या चिकटवून झाल्या आहेत. ३५ हर्ट्झच्या आसपास तो अजून किंचित बोलतो, एक टांगणी बदलायची राहिली आहे.